अक्काची बुजवलेली खिडकी

अक्का गेल्याची खबर आली तेव्हा मी लातूरच्या घरात तिनंच पाठवलेल्या मिरच्या तव्यावर भाजत होते. ठसका लागलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय... निरोप घेऊन आलेल्या भाच्याला, म्हणजे तिच्याच लेकाला, वाटलं की मावशीला आधीच कळलंय. मेली ती मिरची! तिनं मला बहिणीसाठी धड रडूही दिलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. जळकोटकडच्या एका खेड्यात दिलेली, विहिरीच्या पाण्यावर थोडी मिरची करायची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट, आणि त्यातच दुष्काळ. साऱ्यांची मिरची जळाली, तिची विहीर तेवढी तगली. व्यापारी बांधावर येऊन हिरवीच मागू लागले. दाजी देऊन मोकळे होणार, तर अक्का आडवी आली. "हिरवी इकली की ती व्यापाऱ्याची, वाळवून ठिवली की आपली," म्हणाली. "आता जिल्हा आपला झालाय, नवे व्यापारी येतील. भाव चढू द्या जरा."

वाळल्या मिरचीचा भाव रंगावर. उजेड लागला, दमट वारं लागलं की ती पांढरी पडते. म्हणून अक्कानं घरातल्या एकुलत्या पक्क्या खोलीची खिडकी शेणामातीनं लिंपून बुजवली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बिनदेठाची मिरची चढ्या भावानं जाते, म्हणून आतच बसून देठं खुडायची, आणि उंदरांच्या भीतीनं रात्री तिथंच पोत्यांना पाठ लावून पडायची. मी एकदा आत गेले, तर श्वासच घेता येईना. "अगं बये, जीव गुदमरंल की तुझा!" तर हसली. "भाव आला की उघडू खिडकी."

भाव आला, आणि असा आला की विचारू नका. पोरं शिकली, विहिरीवर इंजिन बसलं. तोटा झाला असता तर ती शहाणी झाली असती. फायदा झाला, तोच नडला. खिडकी काही उघडली नाही. दर साली नवी मिरची आणि त्याच अंधारात अक्का. तिचं बघून गल्लीतल्याही खिडक्या एकेक करून बुजत गेल्या.

खोकला आधी नुसता सकाळचा होता. दाजी म्हणाले, "धूळ लागली असंल, दुसरं काय." मग तो दिवसभराचा झाला. डॉक्टरनं मिरचीपासून लांब राहायला बजावलं, तर मलाच म्हणते, "लांब राहून खाऊ काय, वारं?" शेवटी शेवटी तिचं वाक्य अर्ध्यातच थांबायचं... ओसरीवर बाज टाकली तरी हट्ट एकच, मला आत न्या, पोती उघडी हायती. राग येतो मला, अजून येतो. तिचाही, आणि त्या मेल्या मिरचीच्या भावाचाही.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर मी लातूरला परतायला निघाले. दाजी कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसले होते. म्हटलं, "दाजी, आता तरी ती खिडकी फोडा." ते म्हणाले, "यंदा पुन्हा पाऊस न्हाई. भाव लई चढलाय. एवढा माल जाऊ दे."

तेवढ्यात बंद दाराआड कुणीतरी खोकलं. आत अक्काची सून देठं खुडत बसली होती.

मी दाजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"धूळ लागली असंल," म्हणाले.