तगरीच्या फुलाची सावली

मी सातवीत होते तेव्हा आमच्या वस्तीतल्या मराठी शाळेत चित्रकलेचे नवे सर आले. तोवर त्या तासाला मोकळे असतील ते गुरुजी येत, फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी काढत, आणि आम्ही सगळे ते निमूट उतरवून घेत असू. सुरतेत वाढलेल्या आमच्यापैकी किती जणांनी डोंगर धड पाहिला होता कोण जाणे. आम्ही पाहिल्या होत्या त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडा.

नव्या सरांनी पहिल्याच तासाला शाळेतला पाण्याचा माठ उचलून टेबलावर ठेवला.

"आज पेन्सिल काढायची नाही. नुसतं बघायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, काय बघायचं? माठच तर आहे."

"त्याला ओल कुठपर्यंत आलीय?"

कुणालाच सांगता येईना. मग आम्ही उठून जवळ गेलो. ओलीची रेघ सरळ नव्हती. एका बाजूला ती वर चढली होती आणि तिथे माठाचा रंग विटेसारखा गडद झाला होता. घंटा होईपर्यंत आम्ही माठाभोवती फिरत होतो. पुढच्या आठवड्यात माठ टेबलावर नव्हता आणि सर म्हणाले, "आता काढा."

त्यांचं शिकवणं हे असं. खोडरबर वर्गात आणायचा नाही. रेघ चुकली तर ती तशीच राहू द्यायची आणि शेजारी दुसरी काढायची. "चुकलेली रेघ दिसली पाहिजे. नाहीतर बरोबर कुठली ते कळणार कसं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी सांगितलं, घरातली अशी वस्तू काढून आणा, जिच्याकडे कुणी बघत नाही. मी आईचा अंगठा काढला. माझी आई घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायची, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. सरांनी तो कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "घर कुठे तुझं?"

रविवारी ते आमच्या खोलीवर आले. वडील पाळी संपवून आले होते, त्यांच्या भुवयांवर अजून कापसाची लव होती. सर म्हणाले, हिला माझ्याकडे शिकायला पाठवा. वडील खाली बघत म्हणाले, "मास्तर, पोरनी जात. चित्र काढीसन काय करी ती?"

आईने कात्री खाली ठेवली. "शिकू द्या तिले," ती म्हणाली. वडिलांसमोर ती सहसा बोलायची नाही.

पुढची सात-आठ वर्षं मी दर रविवारी सरांकडे जात होते. ते मूळचे अमळनेरकडचे, बडोद्याला चित्रकला शिकलेले. घरात भिंतीला टेकवून मोठमोठी चित्रं ठेवली होती, बहुतेक लूमवर काम करणाऱ्या माणसांची, पाठमोरी. तरुणपणी एकदा त्यांनी प्रदर्शन भरवलं होतं. "लोक आले, चहा प्यायले, गेले," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, हसून सांगायच्या. सरही हसायचे, पण जरा उशिरा. शाळेखेरीज ते सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका छपाईच्या मिलसाठी साड्यांची डिझाइनं काढत. त्यांना त्याची लाज नव्हती. "माझं चित्र कुणाच्या घरात लागलं नाही, पण माझी फुलं अंगावर घालून बाया बाजारात जातात," असं ते म्हणत. त्यांचं तगरीचं फूल तर मला पाठ झालं होतं. पाच पाकळ्या, त्यातली एक किंचित मुडपलेली. अंगणातल्या झाडासमोर बसून त्यांनी ते काढलं होतं.

बारावीनंतर तेच मला त्या मिलमध्ये घेऊन गेले. "माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे," असं त्यांनी मिलच्या मालकांना, सेठना सांगितलं. वडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या चित्रांचं कौतुक वाटलं असावं. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं.

दोनेक वर्षांनी मिलमध्ये कॉम्प्युटर आला. कुणीतरी शिकून यायचं होतं आणि सेठनी मला विचारलं. मी सरांना विचारायला गेले. ते म्हणाले, "जा की. हत्यार नवीन आहे, डोळा तोच लागणार." मी शिकले, लवकर शिकले, आणि मला त्याचा फार अभिमान झाला. हाताने आठ दिवस चालणारं काम दुपारपर्यंत व्हायचं. सेठनी कपाट उघडून जुन्या कागदांचा ढीग माझ्यापुढे ठेवला. यातलं फूल घे, त्यातलं पान घे, रंग बदल, नवीन डिझाइन तयार. ढिगातले अर्धेअधिक कागद सरांचे होते. पहिल्या दिवशी मला कसंतरी झालं. आठवड्याने काही वाटेनासं झालं.

एका दुपारी सर नवीन डिझाइनांची गुंडाळी घेऊन आले. सेठनी त्यांना बसायला सांगितलं, गुंडाळी न उघडताच परत त्यांच्या हातात दिली, आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं.

"मास्तर, जमानो बदलाई गयो. आ छोकरी एक दिवसमां दस बनावे छे. जुओ."

सर येऊन माझ्या मागे उभे राहिले. पडद्यावर हिरव्या जमिनीवर तगरीची फुलं होती. एक पाकळी मुडपलेली.

"हे फूल कुणाचं?" त्यांनी मला विचारलं.

सेठ बाजूलाच होते. आदल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की हे डिझाइन मी ढिगातलं काही न घेता मनाने केलंय.

"माझं आहे, सर," मी म्हणाले.

ते थोडे पुढे वाकले. पडद्याच्या एका कोपऱ्याजवळ त्यांनी बोट नेलं, पण टेकवलं नाही. "छान आहे. इथे तू फूल उलटं फिरवलंस. बाकीच्यांची सावली उजवीकडे पडलीय, ह्याची डावीकडे. तेवढं नीट कर."

गुंडाळी काखेत मारून ते गेले. दारापर्यंत पोहोचवायला मी उठले नाही. सेठनी मात्र शिपायाला त्यांच्यासाठी चहा आणायला पाठवलं होतं. तो चहा मग माझ्यापुढे आला.

सावली मी नीट केली. पुढचे दोन रविवार त्यांच्याकडे गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. सर ओट्यावर बसून पेन्सिलींना टोक करत होते. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, ते फूल तुमचं होतं."

"माझंच फूल मला ओळखू येणार नाही?" ते म्हणाले. मग ब्लेड बाजूला ठेवलं. "फुलं घे गं. शिकवली कशाला मग? पण सेठसमोर मी एवढासा होऊन उभा होतो. तेव्हा तू नुसतं 'सरांचं' म्हटलं असतंस, तर मी ताठ मानेने जिना उतरलो असतो."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं.

"काही दिवस येऊ नकोस," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तुला बघितलं की मला राग येतो. आणि तुझा राग करणं मला जमत नाही. निवळलं की मीच बोलावीन."

मी गेले नाही. त्यांनी सांगितलं तसंच वागले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तरी मान वळवत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत सर आणि काकू गावी गेले. शाळा उघडल्यावर तिथल्या एक ओळखीच्या बाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुला कळलं असेलच." मला कळलं नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेतावरून येताना सर वाटेतच बसले होते आणि पुन्हा उठले नव्हते. तेराव्यालाही चार दिवस होऊन गेले होते.

मी अमळनेरला उतरून त्यांच्या गावी गेले. काकू ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून त्या रडल्या नाहीत. जवळ बसवून घेतलं, पाणी दिलं.

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशी म्हणत होते," त्या म्हणाल्या, "सुरतेला गेलो की पोरीला निरोप धाडू. खूप दिवसांत आली नाही. मी म्हटलं, येईल, कामात असेल."

म्हणजे सरांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मला सांगायचं होतं, सगळं. तोंड उघडलंही. पण काकूंनी माझा हात धरला होता आणि त्या विचारत होत्या, "काम बरं चाललंय ना तुझं? त्यांना फार वाटायचं गं तुझ्याबद्दल."

"हो काकू," मी म्हणाले. "बरं चाललंय."