बजरंगची धावपट्टी

सोनारीजवळ आण्णासाहेबांनी ज्वारीचं रान मोडून विमानासाठी धावपट्टी केली. पुण्याची मोठी माणसं आपली छोटी विमानं घेऊन येतात, पट्टीच्या कडेला तंबू ठोकतात, रात्री जमिनीवर झोपतात आणि सकाळी उडून जातात. मी आयुष्यभर विहिरी खोदल्या, दुपारी खडकावरच पडायचो. जमिनीवर झोपायला आभाळातून यावं लागतं हे ठाऊक नव्हतं.

पट्टी राखायला बजरंग आहे, माझा भाचा. मनाचा चांगला. पण कष्ट लांबून ओळखतो आणि रस्ता बदलतो. एका पतसंस्थेत शिपाई होता. खुर्च्या रोज पुसाव्या लागतात म्हणून सोडून आला.

पावसाळ्यानंतर पट्टीवर गुडघाभर गवत झालं. आण्णासाहेब म्हणाले, "शनिवारी पाहुणे येणार. पट्टीवर काडी दिसली, तर रविवारपासून तू दिसायचा न्हाईस."

मी त्याला माझा विळा दिला. त्यानं तो बाभळीला अडकवला आणि गुंडाप्पा धनगराला गाठलं. आमच्याकडं खतासाठी रानात रात्री मेंढरं बसवतात. बजरंगनं ती पट्टीवर बसवली.

"मामा, म्या डोकं लावलं. गवत मेंढरं खात्याली, नाव माझं हुईल."

गुंडाप्पा म्हणाला, "रोज एकाच जागी बसली की सवय लागती त्यांना. मग माझं बी ऐकत न्हाईत."

"जनावराला काय कळतंय," बजरंग म्हणाला आणि बाभळीखाली आडवा झाला.

शुक्रवारी पट्टी हजामत केल्यासारखी दिसत होती. आण्णासाहेब म्हणाले, "हात चालवलास की रं." बजरंगनं तळहात चोळून दाखवले.

शनिवारी गुंडाप्पानं कळप ओढ्याकडं नेला. दिवस कलला तसा कळप आपणहून वळला आणि रोजच्या जागी, पट्टीच्या मधोमध, येऊन बसला. तेवढ्यात विमान आलं. खाली आलं, मेंढरं बघून वर गेलं, घिरट्या घालू लागलं.

आण्णासाहेब हार घेऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बजरंगा."

बजरंग धावला. या कडेची उठवली की त्या कडेची बसत. वर आवाज वाढला तशी ती आणखीच चिकटली.

"भ्यालेलं मेंढरू पळत न्हाय, जवळ सरकतं," गुंडाप्पा ओरडला. "म्होरचा एडका उचल. बाकीची मागं येत्याली."

एडका बजरंगपेक्षा धडधाकट होता. बजरंगनं तो खांद्यावर घेतला आणि पट्टीच्या टोकापर्यंत पळाला. कळप मागं. त्या पळण्यात मला खोट काढता आली नाही.

विमान उतरलं. आधी पाहुण्या बाई उतरल्या, पाय लेंड्यांत पडला. "अय्या, सेंद्रिय," म्हणाल्या. त्यांच्याबरोबरच्या साहेबांनी सगळं वरून मोबाईलमध्ये घेतलं होतं. ते म्हणाले,

"काय अस्सल स्वागत. दर वेळी असतं का असं?"

आण्णासाहेबांनी बजरंगकडं पाहिलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

"असतंय की," आण्णासाहेब म्हणाले.

नोकरी टिकली. आता दर शनिवारी बजरंगला एडका उचलावा लागतो. पाहुणे एडक्याला बिस्किटं चारतात, त्यामुळं त्याचं वजन उतरत नाही, चढतंच आहे.

परवा बजरंग घरी आला. ओट्यावर वाकडा बसला.

"मामा, विळा हाय का तुमचा?"

"तू अडकवलास तिथंच हाय. पण आता गवत कुठं राहिलंय?"