तिसऱ्या डिस्कवरची सहा मिनिटं

रेडिओ केंद्रात तिला सगळे कात्री म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते आवडे. एकोणतीस वर्षं तिनं लोकांचं बोलणं कापलं. वक्त्यांचा खोकला, पाहुण्यांचं दर वाक्यातलं 'म्हणजे', साहेबांची ऐन भाषणातली शिंक. "बाईंनी कापलं की खोकणाऱ्यालासुद्धा आठवत नाही, आपण खोकलो होतो ते," असं तिथला चहावाला म्हणायचा.

निवृत्तीनंतर हे कौतुक कुणी करत नव्हतं. वहिनीनं फोन करून म्हटलं, "वन्सं, मामंजींचा आवाज त्या कॉम्प्युटरवर घेता येईल का हो? कॅसेट तर आता नुसती खरखरते," तेव्हा म्हणूनच तिला जरा बरंच वाटलं.

बाबा शेवटचे आठ महिने दादा-वहिनीकडे अंथरुणावर होते. ती दर रविवारी केंद्रातून मागून आणलेलं यंत्र घेऊन जायची आणि मिनीडिस्कवर त्यांच्या आठवणी उतरवून घ्यायची. तळहातात मावेल अशी चौकोनी प्लास्टिकची डबी, आत चकचकीत तबकडी. अशा चार भरल्या. मग तिनं त्या स्वच्छ केल्या आणि कॅसेट काढून अकरा घरांत वाटल्या. ऐकून लोकांनी डोळे पुसले. वहिनीनं भांडी विसळता विसळता विचारलं होतं, "छान झालंय. माझं काहीच नाही का यात?"

"तू कुठे होतीस खोलीत, वहिनी? सदा मेली स्वयंपाकघरात!"

वहिनी हसली होती. त्यानंतर बावीस वर्षांत तिनं हा विषय थट्टेवारीच नेला. घरात बाबांची आठवण निघाली की म्हणायची, "मला काय विचारता? मी त्या घरात नव्हतेच. ऐका कॅसेट."

मिनीडिस्क लावायला आता यंत्रच मिळत नव्हतं. शोधता शोधता जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ सापडले. दोन जिने चढून गेलं की एक खोली, भिंतीला छतापर्यंत रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पोटं उघडी पडलेली आणखी काय काय. "चौऱ्याहत्तर मिनिटांची डिस्क उतरवायला चौऱ्याहत्तर मिनिटंच लागतात, बाई. इथे घाई चालत नाही," चारही डिस्क ठेवून घेत ते म्हणाले होते.

आठवड्यानं ती गेली, तर गृहस्थ फुलून आले होते.

"बाई, गंमत झाली! तीसेक ठिकाणी कापलंय. काय सफाईदार हात आहे! पण पुसलं म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं नाव पुसलं जातं, पान आतच राहतं. मी वेगळी अनुक्रमणिका चढवली आणि सगळं परत आणलं. बहुतेक खोकलाच आहे. पण तिसऱ्या डिस्कवर सलग सहा मिनिटं. म्हटलं, सहा मिनिटं कोण खोकतं?"

ती घाईनं म्हणाली, "राहू द्या ते. खोकलाच असेल."

"नाही हो. ऐका तर." त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

बाबांचा आवाज आला. दमलेला, पण स्पष्ट.

"मुलगी रविवारी येते, हे यंत्र घेऊन. चांगलं आहे. पण आठवडा सात दिवसांचा असतो. बाकीचे सहा दिवस सून माझं अंथरूण बदलते. पहिल्यांदा बदललं तेव्हा मी लाजेनं भिंतीकडे तोंड केलं. तर ही म्हणते, मामंजी, भिंतीला रंग द्यायला झालाय, नाही? मग आम्ही दोघं रंगाबद्दलच बोलत बसलो. हिला मी पसंत केली नव्हती. दोन वर्षं ताटावर बसून नावं ठेवली. ते चुकलं माझं. हे सगळ्यांनी ऐकावं."

मग थोडा वेळ नुसता श्वास. आणि तिचा स्वतःचा, तरुण, गोड आवाज: "बरं बाबा, ते असू दे. तुमच्या शाळेचं सांगत होता ना?"

"सांगतो. पण हे कापू नकोस हं, कात्री. तुझा हात मला ठाऊक आहे."

"नाही कापत, बाबा."

हे शेवटचं ती साफ विसरली होती. रविवारचा तो टोमणा तिच्या लक्षात होता. त्यासाठीच तर कापलं होतं. अकरा घरांत तो कशाला जायला हवा? पण 'नाही कापत, बाबा' हे आपणच म्हटलं होतं, हे तिनं इतक्या सफाईनं काढलं होतं की तिच्या स्वतःच्या डोक्यातही खूण उरली नव्हती.

गृहस्थ खाली बघून एक स्क्रू फिरवत होते. मघाचा उत्साह मावळला होता. त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं. ऐकल्याशिवाय इथे काही उतरतच नव्हतं. फक्त ती कात्री म्हणजे समोरची बाई, हे त्यांना आत्ता तिच्या तोंडाकडे बघून कळलं असावं.

"जोडून देऊ, की वेगळं ठेवू?" त्यांनी हळूच विचारलं.

"वेगळं."

वेगळं म्हणजे एका बोटानं पुसता येईल असं. वहिनीच्या घराच्या कोपऱ्यावरून ती दोनदा मागे फिरली. तिसऱ्यांदा वरून हाक आली, "वन्सं, रस्त्याची मोजणी चाललीय का? या की वर!" वहिनी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. दादा गेल्यापासून ती एकटीच असे.

वर जाऊन बसताच तिनं लॅपटॉप उघडला. "आधी हे ऐक," एवढंच म्हणाली आणि ती सहा मिनिटं लावली. पूर्ण वेळ ती फरशीकडे बघत होती. एका फरशीचा कोपरा उडालेला होता.

संपलं तरी वहिनी उभीच होती. हातातला पाण्याचा तांब्या तिनं खाली ठेवलाच नव्हता.

"त्या रात्री त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, आज मशीनमध्ये घातलंय तुझं. सगळ्यांना ऐकू जाईल. मग कॅसेट आली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तीनदा." तिनं तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हातारा खोटं बोलला. बावीस वर्षं मी त्यांना खोटं समजले, वन्सं."

तिला वाटलं होतं, वहिनी रडेल, नाहीतर चिडेल, नाहीतर नेहमीसारखी थट्टा करेल. या तिन्हींची तयारी करून ती आली होती. याची नव्हती.

"चुकलं माझं, वहिनी."

"कॅसेट किती घरांत दिली होती?"

"अकरा."

"मग अकरा घरांत हे जाऊ दे. आणि कुणी कापलं होतं, तेही तुमच्या तोंडून जाऊ दे. माझ्या नको."

अकरांतले चौघं आता नव्हते. त्यांच्या मुलांचे नंबर वहिनीनंच वहीतून काढून दिले. ध्वनिसंदेश नोंदवायला तिनं मोबाइल तोंडाशी धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना माइकसमोर बसवलेल्या बाईला सुरुवात सुचेना.

"मी बोलतेय. बाबांच्या रेकॉर्डिंगमधली सहा मिनिटं मी काढून टाकली होती. त्यांनी कापू नको म्हणून सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं, म्हणजे... म्हणजे तरीही कापली. त्यात माझ्याबद्दल..." खोकल्याची उबळ आली. थांबेचना.

"वन्सं, पाणी देऊ?" वहिनीचा आवाज मध्येच आला.

जुन्या सवयीनं ते पुसायला तिचं बोट पडद्यावर गेलं. पुन्हा नीट, स्वच्छ बोलता आलं असतं. तिनं बोट उचललं, खोकला ओसरू दिला, उरलेलं वाक्य पुरं केलं आणि बाबांच्या सहा मिनिटांसोबत ते अकरा घरांना जसंच्या तसं पाठवून दिलं.

वहिनीनं पाण्याचं भांडं समोर ठेवलं आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिली, तिच्याकडे पाठ करून.

"तेवढं परत लावता का?" ती म्हणाली. "भिंतीच्या रंगाचं."