पाव किलो वळायची राळ

मला मूर्ख म्हणायचं असेल तर जरा थांबा, कारण ते मी स्वतःच म्हणणार आहे. चहा घ्या, आणि मध्ये हसू नका. माझ्या हातून जे झालंय ना, ते सांगायचं तरी कुठून, हेच मला कळत नाही!

लाटण्यापासून सांगते.

आमच्या सासूबाईंचं एक जुनं लाटणं होतं. त्या गेल्या, लाटणं राहिलं. मध्यंतरी ते माझ्या हातून पडलं आणि उभं चिरलं. यांनी ते उचललं. दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले, बस्स. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, खरं सांगते.

मग एक दिवस आपणहून म्हणाले, "याचं पेन करू. विजूला वाढदिवसाला देऊ."

विजूताई म्हणजे यांची धाकटी बहीण, ठाण्याला माजिवड्याला असतात. रविवारी त्यांना पन्नास पूर्ण होणार होती. आईच्या लाटण्याचं पेन! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. आणि पाडल्याचं पापही थोडं धुतलं जाईल, असंही वाटलं.

हे रिटायर झाल्यापासून आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत एक मशीन आहे. त्यावर हे लाकडाची पेनं करतात. मी तिथे फक्त भुसा झाडायला जाते.

"लाकूड कमी आहे," हे म्हणाले, "तुकडे रेझिनमध्ये बसवावे लागतील."

आणि नेमकं यांना दोन दिवस नाशिकला जावं लागलं. निघताना पायात चपला घालता घालता म्हणाले, "तुझ्या मोबाईलवर एक पान पाठवलंय. वाच, आणि कुठलं रेझिन घ्यायचं ते ठरवून आणून ठेव. कल्याणला मिळेल. गुरुवारी मी आलो की लगेच कामाला लागतो."

"मी ठरवू?"

"हो, तूच ठरव."

अहो, चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला घरातला बल्बसुद्धा ठरवू दिला नव्हता! मी ठरवलं, आता असं काम करायचं की हे बघतच राहतील.

पान उघडलं तर सगळं इंग्रजी. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण मोबाईलमध्ये एक बटण असतं, दाबलं की मराठी होतं. दाबलं. वर मोठ्या अक्षरांत आलं, 'वळलेल्या हस्तकला प्रकल्पांसाठी ओतीव राळ निवडणे'.

राळ! एवढंच होय? हे उगाच रेझिन रेझिन करत होते. राळ तर आमच्या माहेरी देवापुढे धुपात घालायचे.

पुढे वाचलं. 'काही राळी लवकर बसतात, काही हळू बसतात.' कुठे बसतात ते लिहिलं नव्हतं. 'बुडबुडे टाळण्यासाठी दाबाचे भांडे वापरा.' दाबाचं भांडं म्हणजे कुकर, हे काय मला शिकवायला हवं? आणि शेवटी, 'पूर्ण कडक झाल्यावर वळा.'

इथे मात्र मी अडले. कडक झाल्यावर वळा? अहो, लाडू गार झाल्यावर वळता येतो का? पाक गरम आहे तोवरच वळावं लागतं! लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी लाडू केलेला नसणार. म्हटलं जाऊ दे, एवढं आपण आपल्या अकलेने सुधारून घेऊ.

बघितलंत? अक्कल म्हटलं मी तिला!

कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. तिथे गेले.

"काका, राळ आहे?"

"आहे की. पिवळी देऊ का पांढरी?"

"लवकर बसते ती द्या."

काकांनी चष्मा वर केला. "कुठे बसते?"

"ते लिहिलेलं नाही."

"धुपाला पाहिजे की मलमाला?"

"वळायला."

"काय वळायला?"

"पेन."

काकांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, घरी अजून कोण असतं?"

मी म्हटलं, "हे नाशिकला गेलेत."

"ते आल्यावर या ना."

मला काही कळेना. पण मी हट्टाने पाव किलो पिवळी राळ घेतलीच. निघताना विचारलं, "आणि यात घालायला कठोरक आहे का?" पानावर तसा शब्द होता. काका म्हणाले, "ताई, ती आपोआप कडक होते. तुम्ही फक्त जपून जा."

घरी येऊन जुना कुकर चढवला. राळ वितळली, आणि असा धूर उठला म्हणून सांगू! पण धूर कसला, सुगंध. घरातून जिन्यात, जिन्यातून चार मजले वर.

मी लाटण्याच्या ढलप्या काढल्या, राळेत टाकल्या, हाताला तेल लावलं आणि वळायला बसले. चटके किती बसले ते विचारू नका. त्यात ती बोटांना अशी चिकटे की एक गोळा सुटेपर्यंत दुसरा घट्ट! मला सारखं वाटत होतं, याचं पेन कसं होणार? पण पुन्हा वाटे, गोळ्यातून लांबट काढायचं काम हे करतील. मशीन कशाला आहे मग?

ताटात अकरा गोळे झाले. पिवळे, चकचकीत, मधून मधून लाकडाच्या ढलप्या. हुबेहूब डिंकाचे लाडू.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या पाटणकरवहिनी. चांगली साडी, हातात नारळ, मागे पाटणकरकाका झब्ब्यात.

"काय हो, पूजा घातलीत आणि शेजाऱ्यांना सांगायचंसुद्धा नाही?"

"अहो पूजा नाही…"

"नाही कशी? सगळा जिना दरवळतोय!"

माझे दोन्ही हात राळेत. नमस्कारही करता येईना. मी "अहो, पेन… अहो, विजूताईंचं पेन…" करतेय तोवर काका देवघर शोधत आत गेले आणि ताटापाशी थांबले.

"वा! डिंकाचे! प्रसाद म्हणून एकच घेतो हं."

"काका, नको!"

"शुगर काल तपासली, ठीक आहे," म्हणाले आणि लाडू तोंडात घातला.

चावल्याचा आवाज आला. काकांनी लाडू बाहेर काढला तेव्हा वरची कवळी लाडवातच होती.

वहिनी माझ्याकडे बघतायत, मी काकांकडे, काका लाडवाकडे.

"वहिनी," मी म्हटलं, "ती लवकर बसणारी राळ आहे."

कवळी कोमट तेलात ठेवून सोडवली. दीड तास लागला. तोवर काका तोंडावर रुमाल धरून सोफ्यावर बसून होते, आणि वहिनी वासाने येणाऱ्या एकेकाला दारातूनच "पूजा नाही हो, पेन आहे" असं सांगून परत पाठवत होत्या.

गुरुवारी हे आले. मी ताट पुढे केलं. आता उत्साह कुठून आणणार? पण केलं.

"हे काय?"

"राळ. वळून ठेवलीय."

"कशावर वळलीस?"

"हातावर."

हे खाली बसले. मी गोष्ट सांगितली, पान दाखवलं. यांनी कपाळाला हात लावला. "अगं, इथे टर्निंग म्हणजे कातकाम! कातारी लाटणं कातून देतो ना, ते!"

कातकाम! मोबाईलने 'कातलेल्या' म्हटलं असतं तर मला चटकन कळलं असतं हो!

यांनी रात्रभर ढलप्या स्पिरिटमध्ये भिजवून मोकळ्या केल्या. एकही वाया गेली नाही, देवाची कृपा. शुक्रवारी स्वतः जाऊन खरं रेझिन, साच्यात ओतायचं ते, आणलं. पण ते हळू बसणारं, म्हणजे सावकाश घट्ट होणारं. रविवारी विजूताई आल्या तेव्हा पेन अजून साच्यात लिबलिबतच होतं.

त्यांना सगळं सांगावंच लागलं. पोट धरून हसल्या, मग साच्यातल्या त्या तुकड्यांवर वरूनच हलकेच बोट फिरवलं. "घाई नाही रे दादा. सावकाश कर," म्हणाल्या. मला जरा हायसं वाटलं.

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण वहिनी, टर्निंग म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं? अगं, दादा कोलशेतच्या कंपनीत बत्तीस वर्षं टर्नरच होता ना!"

हे माझ्याकडे बघायला लागले. हसत नव्हते.

"तुला काय वाटत होतं गं," यांनी विचारलं, "बत्तीस वर्षं मी डबा घेऊन तिथे लाडू वळायला जायचो?"

आता खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, कामगारांना उन्हाळ्यात गरम होतं, म्हणून कंपनीत मोठाले पंखे असतील, आणि ते कुणाकडे वळवायचे ते बघायला एक माणूस असेल.