खुणेपासून चार बोटं

"पानी खुनेपासून किती गो?" कळव्याच्या मिठागरात, बांधाच्या पोटातल्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला मामा ओरडला. खाडीचं पाणी अडवणारं लाकडी दार तिथे निखळलं होतं आणि पलीकडे भरती चढत होती.

मामीने खांबावरची चुन्याची खूण पाहिली. "चार बोटं!"

"मंग येल हाय अजून," म्हणून तो पुन्हा दाराशी वाकला. पाणी खुणेच्या वर सहसा जातच नसे, त्यामुळे बाजू सांगायची आमच्यात रीत नव्हती. मी तेव्हा पहिलीत होते. मी विचारलं, "मामी, वर चार का खाली चार?"

"वर गो! डोळे फुटले काय तुझे?"

मामाने ते ऐकलं, एक शिवी हासडली आणि धडपडत बांधावर चढला. मागोमाग दार फुटलं.

काल नात बीजगणित करत होती. दोन उभ्या रेघांमध्ये एक अक्षर, पुढे बरोबर चार, आणि खाली उत्तरं दोन, अधिक चार आणि उणे चार.

"एका गणिताला दोन उत्तरं कशी गं?"

"हे केवल मूल्य, आजी. यात अंतर कळतं, बाजू कळत नाही."

"मग त्यातलं खरं कुठलं?"

"गणितात दोन्ही. एकच हवं असेल, तर जाऊन बघावं लागतं."

त्या वर्षीचं मीठ सगळं खाडीत गेलं. मामा वाचला.