भरपाई मागायला गेलो आणि मुजरा करून बसलो

गेल्या महिन्यात माझी भर दिवाणखान्यात फजिती झाली. तीही गोरखी राजवाड्याजवळ, आमच्या मालकांच्या कोठीवर… आणि मी तिथे गेलो होतो पाठीच्या दुखण्याची भरपाई मागायला!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटणकर बाजारात आमचा छापखाना आहे, मालक एक सरदार. लग्नपत्रिका, जाहिराती, दरबारची थोडीफार कामं, सगळं तिथे दगडावरून छापतात. हा दगड म्हणजे चांगली जाडजूड शिळा. ती मशीनवर चढवायला दोन माणसं लागतात, एक मी आणि दुसरा रमजान.

मोहरमात रमजान ताजियांच्या मिरवणुकीत गेला होता आणि नेमकं त्याच दिवशी एक अर्जंट काम आलं. आमचे मॅनेजर दामूअण्णा हातात घड्याळ धरून उभे… "गणपतराव, तुम्हीच चढवा ना. आता दुसरा आदमी कुठून आणू मी?"

मी पडलो फौजी घराण्यातला, नाही म्हणणं रक्तातच नाही. उचलली. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं आणि मी शिळेसकट खाली बसलो. शिळेला साधा ओरखडाही नाही… मोडलो तो मीच.

दहा दिवस कंपू भागातल्या दवाखान्यात काढले आणि मग दोन महिने घरी, फळीवर पडून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पगार बंद, खाणारी तोंडं पाच. रमजान बिचारा दर शुक्रवारी भाजीची पिशवी घेऊन यायचा आणि "मैं होता तो ये होता ही नहीं" म्हणत माझ्याआधी स्वतःच डोळे पुसायचा.

भरपाईचा अर्ज केला. त्यावर दामूअण्णांनी शेरा मारला, की या इसमाने मना केलं असताना आपल्या मर्जीने शिळा उचलली. वाचून मी पेटलोच! मालकांना तो खरा वाटला असता तर भरपाई राहिली बाजूला, नोकरीही गेली असती. फळीवर पडल्या पडल्या मी दामूअण्णांना रोज शिव्या घालायचो. दुसरा उद्योगच नव्हता.

शेवटी मालकांनी, म्हणजे आमच्या सरकारांनी, आम्हा दोघांना समोरासमोर बोलावलं. निघताना हिने दारातच अडवलं. "हे बघा, तिथे मुजरा-बिजरा करू नका. हात जोडा नि सीधे उभे राहा. वाकलात तर कोण मानेल की कमर दुखते म्हणून?"

मी हो म्हटलं. टांग्यात बसून रस्ताभर तेच घोकत गेलो, हात जोडायचे, फक्त हात जोडायचे.

पण सरकार आतून बाहेर आले आणि… माझा हात आपोआप जमिनीकडे गेला. आमच्या घरात मुलाला मुजरा आधी शिकवतात, अक्षरं नंतर. वडिलांनी अंगणात उभं करून घोटून घेतलेला मुजरा तो, खाली वाकून तीन वेळा. माझ्या पहिल्याच खेपेला बोटं गालिच्याला लागली आणि मी तिथेच अडकलो. काही केल्या वर येईना.

सरकारांना वाटलं, मी फारच अदब दाखवतोय. "पुरे, पुरे," ते म्हणाले. मी तसाच. मग त्यांचा आवाज चढला, "तुम्हाला वाकता तर छान येतंय. मग भरपाई कसली मागता?"

खाली बघत मी उभा, म्हणजे अर्धा उभा… आणि मला रडू फुटलं. कळ, लाज, राग, सगळं एकदमच. संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या काखेत हात घातले. दामूअण्णा! साठीला टेकलेला, किडकिडीत माणूस, माझं सगळं वजन स्वतःच्या अंगावर घेऊन मला हळूहळू सरळ करत होता.

त्यांना धाप लागली होती. तशातच ते बोलले, "सरकार, हा नाटक नाही करत. शेरा खोटा आहे. शिळा उचला म्हणून मीच सांगितलं होतं… नोकरीच्या भीतीने उलटं लिहिलं."

त्यांना गप्प राहता आलं असतं हो. बाजी त्यांचीच होती, आणि ती मीच माझ्या हाताने त्यांना दिली होती.

सरकारांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. सरकारांसमोर खुर्चीत बसलेला आमच्या घराण्यातला मीच पहिला असेन!

थकलेला पगार मिळाला, औषधपाण्याचा खर्च मिळाला आणि बसून करायचं काम मिळालं, प्रुफं तपासायचं. घरी येऊन सांगितलं तर ही आधी माझ्यावरच उखडली, "एक गोष्ट सांगितली होती, ती पण झाली नाही!" मग आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. रमजान आता नव्या जोडीदाराला शिळेपाशी रोज दम देतो, अकेले मत उठाना म्हणून.

दामूअण्णांची मॅनेजरी मात्र गेली. आता ते माझ्या समोरच्याच टेबलावर प्रुफं तपासतात. कागदांचा गठ्ठा आला की मी खुर्ची सरकवायच्या आत तेच उठतात. आभार मानले की चष्मा पुसत बसतात.

ज्यांनी ज्यांनी सांभाळलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार. माझी भरपाई मला मिळाली… पण या माणसाला दोन महिने फळीवर पडून ज्या शिव्या घातल्या, त्यांची भरपाई कशी करायची, ते अजून मला सुचलेलं नाही.