दुसऱ्या कडव्यात पळणारा ड्रम

आज पंधरा दिवसांनी दिल्लीत लख्ख ऊन पडलं. धुकं पार गेलं. अख्खी मुनिरका वस्ती गच्चीवर. कुणी गाद्या टाकल्यात, कुणी स्वतःलाच टाकलंय! अशा उन्हात बसलं की किस्से आपोआप वर येतात, भिजवलेल्या मटकीला मोड यावेत तसे. एकही टाकवत नाही.

मी जन्मभर माळीकाम केलं. शाळा पाहिली नाही. मराठी अक्षरं म्हातारपणी जुळवायला शिकलो. गच्चीवरच्या खोलीत मी राहतो, खालच्या खोल्यांत आपल्याकडची यूपीएससीवाली पोरं. त्यातल्या परभणीच्या रुखसारचा आणि लातूरच्या ओंकारचा बँड आहे. ती गाते, गिटार वाजवते. तो ड्रम बडवतो. तिसरा एक पोरगा जाड तारांची बेस गिटार धरतो. रविवारी मराठी मंडळात त्यांचा पहिला कार्यक्रम. पण शेजारच्या बिमलाजींनी आवाजाची दोनदा तक्रार केलेली. घरमालक चौधरीजींनी बजावलंय, "अण्णा, एक और शिकायत, और ड्रम बिल्डिंग से बाहर!" दुसरी जागा कुठली?

*

दर रविवारी आम्ही भिंतीला चादर लावून पिक्चर बघतो. नंतर प्रत्येकानं मत द्यायचं. "टाइमपास होता" म्हणणाऱ्यानं सगळ्यांचा चहा करायचा, हा नियम!

एकदा परदेशी पिक्चर होता, खाली इंग्रजी अक्षरं पळणारा. मला काय कळणार! मी नुसते चेहरे बघत बसलो. अर्ध्यातच म्हटलं, "खून त्या वहिनीनं केलाय."

"अण्णा, ती तर रडतेय!" ओंकार म्हणाला.

"रडतेय, पण हातातला कप सांडू देत नाही."

शेवटी वहिनीच निघाली! सहा ग्रॅज्युएट माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "लेकरांनो, तुम्ही वाचत होता. मी बघत होतो."

*

एका रविवारी ओंकारचा मित्र गुरुग्रामहून आला. मोठ्या कंपनीतला. पिक्चर संपल्यावर पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलला. मग मला विचारलं, "यू लाइक्ड इट, अंकल?"

मी म्हटलं, "तीन तासांत एकही माणूस जेवला नाही. खरी माणसं असती तर भूक लागली असती."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "हां यार... टाइमपासच होता."

आलं घालून फर्स्टक्लास चहा केला त्यानं!

*

ओंकारनं मला पहिल्यांदा समजावलं, "अण्णा, याला इंडी रॉक म्हणतात. पाठीशी कंपनी नाही, आपली गाणी, आपणच वाजवायची."

"मग आमच्या गावचं भजनी मंडळ इंडीच की रे!"

सुरुवातीला मला नुसता गोंगाट वाटायचा, खोटं कशाला सांगू. मग एकदा त्या तिसऱ्या पोराच्या जाड तारांच्या गिटारवर कान ठेवला. तो गुपचूप गाण्याच्या मुळाशी पाणी देत असतो. दिसत नाही, पण तो थांबला की गाणं मान टाकतं. तेव्हापासून मी फॅन!

रुखसारनं भाड्याच्या खोलीवर गाणं केलं. चांगलंच होतं. तिनं विचारलं, "खरं सांगा हं अण्णा."

"पोरी, गाणं संपल्यावरही तू गातेस."

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचं कडवं कापून आली. आता ते गाणं असं थांबतं की टाळी वाजवायला हात उशिरा उठतात!

*

आणि आज सकाळी. खोलीत गारठा, म्हणून पोरांनी ड्रम गच्चीवर आणला. मी म्हटलं, "लेका, सगळी दुनिया वर आहे."

"अण्णा, तीनच दिवस उरलेत!"

तेच खोलीचं गाणं सुरू झालं. पलीकडच्या गच्चीवर, हातभर अंतरावर, बिमलाजी स्वेटर विणत बसलेल्या. दुसरं कडवं आलं आणि त्यांनी सुया खाली ठेवल्या. उठल्या. सरळ कठड्याशी आल्या. गाणं जागच्या जागी थांबलं.

तेवढ्यात चौधरीजीही जिना चढून वर. "क्या हुआ आंटी? शिकायत है?"

"है! बिल्कुल है!"

ओंकारनं काठ्या खाली ठेवल्या. रुखसार गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागली. मी हात जोडून पुढे झालो.

बिमलाजी मला म्हणाल्या, "भाईसाहब, आपका ड्रमवाला लड़का दूसरे अंतरे में ताल से आगे भागता है। फिर से बजवाइए!"